गजर वाजतो, पण वेळेवर नाही

आज शेजारच्या काकूंचं रेडिओ-घड्याळ बघायला घेतलं. मुलाने अमेरिकेहून आणलेलं, ११० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर नीट लावला होता, तरी घड्याळ तासाला बरोबर १० मिनिटं मागे पडायचं.

बिघाड काहीच नाही. अशी बरीच घड्याळं विजेची कंपनं मोजून चालतात. तिथे सेकंदाला ६०, आपल्या इंदूरला ५०. म्हणजे दिवसाला चार तास मागे! ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, कंपनं नाही. काही सेटमध्ये मागे किंवा बॅटरीच्या खणात ५०/६० चं बटण असतं. ते असेल तर सुटलात. नाहीतर क्वार्ट्झवर चालणारंच घ्या.

दुसरी मेख ट्यूनिंगची. आपलं मीडियम वेव्ह ९-९ किलोहर्ट्झने सरकतं, अमेरिकन डिजिटल सेट १०-१० ने. आकाशवाणी इंदूर ६४८ वर, सेट थांबणार ६५० वर. आवाज फाटका येणारच. ९८.३ एफएम मात्र छान लागतं.

एफएमची मागची वायर गुंडाळून ठेवू नका, साधारण ७५ सेंटिमीटर सरळ सोडा. मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवा हातभर लांब. मीडियम वेव्हवरची घरघर बहुधा त्यांचीच.

बॅकअपची ९ व्होल्टची बॅटरी वर्षाला बदला. लाइट गेल्यावर वेळ टिकते, पण बहुतेक सेटमध्ये रेडिओ वाजत नाही. म्हणून गजर ‘रेडिओ’वर नको, ‘बझर’वर ठेवा. पण बॅटरीवर बझर वाजतो का, ते प्लग काढून एकदा बघा. स्टेशन रात्रीतून सरकलं तर नुसत्या खरखरीने कोण उठतंय, पोहे-जिलेबीचा वास आला तरच!