काटकसर कुठे करावी, हा खरा प्रश्न

मंदीत शहराची तिजोरी दोन्ही बाजूंनी आवळली जाते. व्यवहार थंडावल्याने करवसुली घटते आणि नेमक्या त्याच वेळी सार्वजनिक दवाखान्याची, निवाऱ्याची गरज असलेली माणसे वाढतात. राष्ट्रीय सरकार तुटीचे अंदाजपत्रक मांडून असा काळ निभावू शकते. शहरांना सहसा तशी मुभा नसते. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे हप्ते टाळता येत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती देखभाल-दुरुस्तीला, कारण न बदललेली जलवाहिनी निदान त्या वर्षी तरी कुणाच्या नजरेस पडत नाही.

अमेरिकेतील फ्लिंट शहराचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत अस्वस्थ करते. कर्जात बुडालेल्या या शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती होता. पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे पाणी बंद करून नदीचे पाणी सुरू झाले आणि नळ आतून गंजू नयेत म्हणून मिसळायचे रसायन मिसळलेच गेले नाही, त्यामुळे जुन्या नळांतील शिसे पिण्याच्या पाण्यात उतरू लागले. यंत्राचे भाग गंजतात म्हणून तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने त्याच ऑक्टोबरमध्ये हे पाणी घेणे थांबवले. घरांतील मुले मात्र ते आणखी वर्षभर पीत राहिली. पुढे नुकसानभरपाईची तडजोडच ६० कोटी डॉलरच्या वर गेली.

न्यूयॉर्कची वाट वेगळी होती. दैनंदिन खर्च भांडवली खर्चात दाखवून आणि अल्प मुदतीची कर्जे काढून त्या शहराने तूट झाकली, आणि १९७५ मध्ये बँकांनी हात आखडता घेताच हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले. १८४७ पासून चालत आलेले महाविद्यालयीन मोफत शिक्षणही पुढच्याच वर्षी संपले.

काटकसरीला माझा विरोध नाही. नवी सभागृहे, सुशोभीकरण, कार्यालयांचे नूतनीकरण हे सारे खुशाल थांबवावे. पुढे ढकललेली दुरुस्ती मात्र शिल्लक म्हणून नव्हे, तर देणे म्हणून अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, विलंबामुळे वाढणाऱ्या खर्चासह दाखवणे कायद्याने बंधनकारक असावे, म्हणजे मंजुरीसाठी हात वर करणाऱ्या सदस्याला आणि कर भरणाऱ्या नागरिकाला तो आकडा त्याच दिवशी दिसेल.