स्वयंपाकघर वर न्यायचं की नाही

सांगलीत घरदुरुस्तीची कामं करणाऱ्याला पूर फुटांत मोजायची सवय लागते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या पुढे गेलं, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा 55 च्या आसपास. त्या हिवाळ्यात गावभागातून, म्हणजे जुन्या सांगलीतून, माझ्याकडे जो येईल त्याचं एकच म्हणणं असायचं: मॅडम, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर न्यायचंय, खर्च सांगा.

त्यातलंच हे एक घर. पुढचा भाग नंतर बांधलेला, स्लॅबचा. मागचा जुना, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती आणि वर सागवानी कडीपाट. स्वयंपाकघर मागे, परसदाराला लागून. मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका, आणि मुलाची आई सत्तरीच्या पुढची. त्यांना मी चहा यायच्या आतच काकू म्हणायला लागले होते.

मुलाने आलेखाच्या कागदावर नकाशा काढून ठेवला होता. आहे त्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर नवं. "पाइप सरळ खाली सोडायचे, मॅडम. सोपं आहे."

एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण इथे वरची जमीन लाकडाची. रोज धुणं-सांडणं होणाऱ्या खोलीखाली कडीपाट किती वर्षं टिकेल? त्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा वाकडा पाइप, बसवायला फरशीखाली चार इंच भरण घालावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते भरणच सुमारे दोन टन होतं. त्यावर फरशी, ओटा, पाण्याचं पिंप, माणसं.

हे सगळं पेलायचं कोणी, ते बघायला मी धान्याची कोठी सरकवायला सांगितली. मागे गुडघ्याएवढ्या उंचीवर गिलाव्याला पोपडे आले होते. एक पोपडा काढला आणि दोन विटांच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओली माती. पूर ओसरून काही महिने झाले होते आणि वरून भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. असल्या भिंती दोन्ही बाजूंनी पाणी असतं तोवर उभ्या राहतात. पाणी उतरायला लागलं की भिजलेल्या मातीत जोर उरत नाही, आणि मग ढासळतात. पूर गेला म्हणून हुश्श करून माणसं घरात शिरतात ती नेमकी याच वेळी. मुलगा त्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला आणि नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

मग पुढचा भाग. स्लॅब चांगला, वजनाचा प्रश्न नाही. पण गटार मागच्या बोळात. बाजूच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे बाहेरून पाइप नेता येत नाही. आतून न्यायचा तर तीस फूट, आणि चाळीसाला एक असा उतार धरला तरी नऊ इंच. बैठकीच्या छताखालून नऊ इंच उतरत जाणारा खरकट्या पाण्याचा पाइप कोणाला हवाय? लोक शेगडी कुठे ठेवायची यावर तासभर बोलतात. शेगडी कुठेही जाते. सांडपाण्याला वाट कुठून द्यायची हे ठरलं की स्वयंपाकघराची जागा बहुतेक ठरलेलीच असते. (मुलाच्या सासऱ्यांनी फोनवर आग्नेय दिशा सुचवली होती. आग्नेयेला जिना निघाला, तेव्हा तो विषय आपोआप मिटला.)

जुनं स्वयंपाकघर सोडायला घरातलं म्हातारं माणूस तयार नसतं, असा माझा आजवरचा अनुभव. इथे उलटं. काकूंनाच वर जायचं होतं.

"पुरानंतरचं स्वयंपाकघर उघडलंय का तुम्ही कधी?" त्यांनी विचारलं. 2019 ला ते सगळे विश्रामबागेत मुलीकडे होते. परत आले तर स्वयंपाकघराचं दार उघडेना. फ्रीज तरंगत येऊन दाराला आडवा पडलेला. प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगून अशा बसल्या होत्या की चमचे काढायला पहार घ्यावी लागली. पिठाच्या डब्यात गाळ, आणि त्याचा तो वास. भरलेली गॅसची टाकी माजघरात सापडली.

"भरलेली कशी तरंगेल? आई रिकामीला भरलेली म्हणतेय," मुलगा म्हणाला. मी तिथेच हिशेब मांडला. गॅस 14.2 किलो, टाकीचं वजन साधारण पंधरा-साडेपंधरा, मिळून तीसच्या आत. आणि टाकीच्या पोटात पाणी मावतं 33 लिटर. तरंगणारच. काकूंनी मुलाकडे नुसतं बघितलं.

सून इतका वेळ गप्प होती. "आई, पूर कधीतरी येणार. डबे मला रोज सकाळी सहाला करायचे आहेत. भाजीची पिशवी, दूध, टाकी, सगळं वर चढवायचं. आणि तुमचे गुडघे?"

"मी वरच राहीन. उतरतेय कशाला?"

"आणि संडास? तो खालीच आहे."

यावर कोणी काही बोललं नाही. मी विचारलं, पुराच्या दिवसांत वर कोणी राहिलं होतं का? नाही. वीज गेलेली, नळाला पाणी नाही, राहणार कसं? म्हणजे वरचं स्वयंपाकघर पुरातही बंदच. वाचवायचं होतं ते सामान, आणि पाणी ओसरल्यावर खालची साफसफाई होईपर्यंत दोन वेळचं शिजवायची सोय.

तिथून पुढे भराभर ठरलं. स्वयंपाकघर खालीच, पण त्यात कुजण्या-फुगण्यासारखं काही ठेवायचं नाही. ट्रॉल्या काढून कडाप्प्याची मांडणी, उघडी, पाइप लावून धुता येईल अशी. विजेचे बोर्ड 2019 च्या पाणरेषेच्या वर, आणि खालच्या मजल्याची वीज वरून बंद करता येईल असं वेगळं बटण. वर जिन्याच्या माथ्याशी जुनी मोरी होती, तिचं पाणी आधीपासून परसात उतरत होतं. तिला लागून चार फुटांचा ओटा आणि छोटं सिंक. कोठ्या आणि घरघंटी कायमच्या वर, स्लॅबच्या खोलीत. भिंतीचे सांधे खरवडून चुन्यात भरायचे, वरून सिमेंटचा गिलावा करायचा नाही, ओल आत कोंडते. मागचा भाग कधीतरी उतरवावाच लागेल, हे मुलाला जाताना बाजूला घेऊन सांगितलं. त्याने मान हलवली. अशी मान मी पुष्कळ बघितली आहे.

राहिला फ्रीज. जिना सव्वादोन फुटांचा, वळणावर त्याहून अरुंद. दोघांना उचलून वर नेता येईल असा लहान घ्या, असं काकूंचं म्हणणं. मुलाला डबल डोअर हवा होता. शेवटी डबल डोअरच आला. पाणी चढायला लागलं की त्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. ज्याने आणला त्याने खांद्यावर घ्यावा, असं काकू म्हणतात.