तुम्ही विचारलेत म्हणून : सुबोतित्साचा स्पार्ताक

‘दरवर्षी तोच क्लब जिंकतो, मग त्यात पाहण्यासारखे काय उरते?’ सर्बियातील महिला फुटबॉलचा विषय मी काढला की हा प्रश्न हमखास येतो, आणि फुटबॉल नेमाने पाहणाऱ्यांकडून तर तो अधिकच येतो. प्रश्न रास्त आहे. २०१०-११ च्या हंगामात सुबोतित्साच्या स्पार्ताक या क्लबने सर्बियाच्या महिला लीगचे विजेतेपद पहिल्यांदा मिळवले, आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळ ते त्याच शहरात राहिले. विजेत्यांची यादीच वाचायची, तर एक नाव वाचून पुरते.

हे शहर आहे तरी कुठे, ते आधी सांगते. सुबोतित्सा हे सर्बियाच्या अगदी उत्तरेला, व्होइव्होदिना प्रांतात, हंगेरीच्या सीमेपासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. तिथे सर्बियनच्या बरोबरीने हंगेरियनही बोलली जाते आणि शहराला हंगेरियनमध्ये वेगळे नाव आहे. सर्बियन भाषेत ‘सुबोता’ म्हणजे शनिवार; शनिवार पेठेत लहानाची मोठी झाल्यामुळे असेल, पण ते नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हापासूनच मला जवळचे वाटले. स्पार्ताक हे नाव योव्हान मिकिच यांचे. ते या शहराचे ॲथलीट आणि फॅसिस्टविरोधी लढ्यातील पार्टिझान नेते. स्पार्ताक हे त्यांचे टोपणनाव होते आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये शहर मुक्त होत असताना ते मारले गेले. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या पुरुषांच्या क्लबला ते नाव मिळाले आणि आज महिलांचा संघही तेच नाव घेऊन खेळतो.

स्पार्ताकच्या आधी सर्बियातील महिला फुटबॉल म्हणजे मुख्यतः दक्षिणेकडील निश शहराचा माशिनात्स. १९७० मध्ये स्थापन झालेल्या त्या क्लबने युगोस्लाव्हियाचा काळ पाहिला, देश फुटताना पाहिला आणि तरीही आपला दबदबा टिकवून धरला. म्हणजे या खेळाची सूत्रे बेलग्रेडबाहेरच राहिली. आधी निशकडे, मग सुबोतित्साकडे. राजधानीतील बलाढ्य क्लबांच्या देशात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सर्बियाचे विजेतेपद हे स्पार्ताकसाठी युरोपच्या चॅम्पियन्स लीगचे प्रवेशपत्र होते. लहान देशांच्या विजेत्यांना त्या काळी ऑगस्टमध्ये चार-चार संघांच्या गटांत खेळावे लागे. आठवडाभरात तीन सामने, आणि त्यातून पुढे गेले तरच सप्टेंबरमध्ये शेवटच्या बत्तीस संघांत मोठ्या क्लबांशी गाठ पडे. वर्षभर घरच्या लीगमध्ये जिंकत राहायचे ते या दोन-चार आठवड्यांसाठी. मी पाहते ते हे आठवडे.

२०१८ मध्ये त्यांच्यासमोर बायर्न म्युनिक आले. सुबोतित्सात ०-७, जर्मनीत ०-४, एकूण अकरा गोल खाल्ले आणि केला एकही नाही. इतका दारुण पराभव पदरी पडल्यावर एखाद्या संघाने घरच्या चषकांवर समाधान मानले असते. पुढच्याच वर्षी ते पुन्हा त्याच फेरीत पोहोचले आणि यावेळी गाठ होती ॲटलेटिको माद्रिदशी, ज्यांनी तेव्हा स्पेनचे विजेतेपद सलग तीन वेळा मिळवले होते. घरच्या मैदानावर स्पार्ताक २-३ असा हरला. दुसरा सामना स्पेनमध्ये १-१ असा सुटला. त्या दिवशी मी मोबाइलवर आकडा बदलतो का ते पाहत बसले होते आणि मनात हिशेब चालू होता : स्पार्ताकचा आणखी एक गोल झाला तरी दोन्ही सामन्यांची बेरीज ४-४ होईल, पण बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जातो हा नियम तेव्हा लागू असल्यामुळे ॲटलेटिकोच पुढे जाईल, हवेत ते दोन गोल. ते झाले नाहीत. मात्र एका वर्षात अकरा गोलांचे अंतर एका गोलावर आले होते, आणि ज्या संघाने त्यांना कसेबसे मागे टाकले, त्याच संघाने पुढच्या फेरीत मँचेस्टर सिटीला बाहेर काढले. माझ्या दृष्टीने स्पार्ताकच्या इतिहासातील सर्वांत मोठी कमाई हा पराभव आहे, कोणताही चषक नव्हे.

अशा क्लबला आपल्या उत्तम खेळाडू धरून ठेवता येत नाहीत, हे दुःखही सांगितले पाहिजे. येलेना चांकोविच किशोरवयात स्पार्ताककडून खेळली. नंतर बार्सिलोना, स्वीडनचा रोसेनगोर्ड आणि २०२२ मध्ये चेल्सी असा तिचा प्रवास झाला. एक गेली की तिच्या जागी दुसरी तयार करायची, आणि तीही जाणार हे धरूनच करायची. तरीही विजेतेपद हातचे जाऊ द्यायचे नाही. ‘दरवर्षी तोच क्लब’ असे आपण म्हणतो खरे, पण मैदानावरच्या मुली त्याच नसतात.

सर्बियाचा महिला संघ आजवर विश्वचषकाला किंवा युरोपीय स्पर्धेच्या मुख्य फेरीला पोहोचलेला नाही. तरीही १२ एप्रिल २०२२ रोजी स्तारा पाझोव्हा येथे याच देशाच्या मुलींनी, चांकोविचसह, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जर्मनीला ३-२ असे हरवले. जर्मनीचा संघ त्याच उन्हाळ्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला.