जर्मनीत बाख वाजवायला घेताना: आधी अहवाल उघडा

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून संहिता ठरवली आणि पानाखाली पाठभेद दिले. जर्मनीत संगीतकारांच्या समग्र रचनांवर असंच काम होतं. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याची तर स्वहस्ताक्षरातली प्रत पुष्कळदा हाती असते, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

'बी मायनर मास' ही ख्रिस्ती प्रार्थनाविधीच्या शब्दांवरची त्याची मोठी गायन-वादन रचना घ्या. बाखच्या हातची पूर्ण स्वरलिपी बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. पहिल्या दोन भागांचे वादक-गायकांसाठीचे सुटे कागद त्याने 1733 मध्ये ड्रेस्डेन शहरातल्या दरबाराला दिले. 'डोमिने देउस' या युगुलगीतात बासरीचे सुरुवातीचे स्वर मूळ स्वरलिपीत सारख्या लांबीचे आहेत, ड्रेस्डेनच्या कागदात मात्र आखूड-लांब असे. कारण साधं आहे: वाजवणाऱ्याला लागणारे बारकावे सुट्या कागदांवर चढतात, ते मूळ प्रतीत परत उतरवले जातातच असं नाही. म्हणून एकच प्रत पाहून 'बाखने असंच लिहिलंय' म्हणणं धोक्याचं.

शिवाय बाखच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याने बर्लिनच्या त्या मूळ प्रतीत दुरुस्त्या केल्या. शाईने कागद खाल्लाय, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी हात ओळखणं कठीण. अलीकडे क्ष-किरणांनी शाईतल्या धातूंचं प्रमाण मोजून बाप-लेकाची अक्षरं वेगळी केली. त्या बदलांआधी उतरवलेल्या नकलाही इथे कामी येतात.

बाखची जुनी समग्र आवृत्ती 1851 ते 1899 मधली, 46 खंडांची. इंटरनेटवर फुकट मिळते ती बहुधा हीच. नवी 1954 ते 2007 मध्ये निघाली. दरम्यान कागदातले जलचिन्ह आणि नकलनविसांची अक्षरं तपासून आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेल्सेन या अभ्यासकांनी कँटाटांचा, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-वादन रचनांचा, कालक्रमच उलटवला: 1730 नंतरच्या मानलेल्या कित्येक रचना 1724-25 च्या निघाल्या. हे मला या साऱ्या कामातलं सर्वांत मोठं यश वाटतं.

ग्रंथालयात नव्या आवृत्तीचा खंड मागवताना 'क्रिटिशर बेरिख्ट', म्हणजे चिकित्सक अहवाल, वेगळा मागा. तो स्वतंत्र पुस्तक असतो आणि हमखास राहून जातो. मुखपृष्ठावरच्या 'उअरटेक्स्ट', म्हणजे मूळ पाठ, या शब्दावर विसंबू नका, पाठ कुठून घेतला हे अहवालच सांगतो. अहवाल जर्मनमध्ये आहे, पण भागाचं नाव आणि 'टाक्ट', म्हणजे बारचा (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याचा) क्रमांक, एवढ्यावर नोंद सापडते. मग 'बाख डिजिटल' संकेतस्थळावर त्याच पानाचं छायाचित्र काढून शेजारी ठेवा. घरबसल्या, विनामूल्य.