चॉकलेटी भिंत आणि गोव्याची ओल

गोव्यात रंगकामाची गडबड उडते ती चवथीच्या तोंडावर. गणपती येण्याआधी घर उजळावं, हे मनाला पटतंच. पण बैठकीच्या भिंतीला गडद तपकिरी, भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा ऊबदार रंग द्यायचा असेल, तर पावसाळ्यातला मुहूर्त सोडून द्यावा. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा खरा काळ. ओल, खार, रोलरचे पट्टे, लांबीतले (म्हणजे पुट्टीतले) चढउतार, असं पांढऱ्या भिंतीवर खपून जाणारं सगळं या रंगात उघडं पडतं.

आधी भिंत निवडा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती नकोत. दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत सुरक्षित. चिऱ्याच्या जुन्या भिंती जमिनीतलं पाणी वर ओढतात. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे राहते. तपकिरीवर ती पीठ सांडल्यासारखी दिसते. ओल तपासायची तर फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. चोवीस तासांनी आतल्या बाजूला दव दिसलं, तर ओलीचं मूळ शोधल्याशिवाय डबा उघडू नका. खार आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीतच जिरतो.

चुन्याचा गिलावा असलेल्या जुन्या घरांत आणखी एक अडचण आहे. तिथे प्लास्टिक इमल्शन लावलं की ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुनाच योग्य. पण चुना मुळात पांढरा, आणि त्यात मातीचे रंग मर्यादेतच मिसळता येतात. जास्त घातले की हाताला लागतात. म्हणजे चुन्यात गेरूची किंवा बदामी छटा सुंदर येते, गडद तपकिरी येत नाही. तिथे हट्ट करू नये.

आता डब्याबद्दल. गडद छटा ‘डीप बेस’मध्ये बनते. या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे रंग खोल दिसतो पण झाकण्याची ताकद कमी पडते. पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत भिंत भरत नाही. दुकानातल्या मशीनवर प्रायमरलाच राखाडी-तपकिरी छटा घालून घ्या. ते जमत नसेल तर पहिला हात मध्यम तपकिरी रंगाचा द्या. बारा बाय दहा फुटांच्या भिंतीला एका हाताला पाऊण ते एक लिटर धरावं. तीन हातांसाठी चार लिटरचा एकच डबा घेतलेला बरा. लिटर-लिटर आणलं तर प्रत्येक डब्याची छटा केसभर वेगळी निघते. वेगवेगळे डबे आणलेच असतील, तर सुरू करण्यापूर्वी सगळे एका बादलीत एकत्र करा.

पट्टे पडण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: कड सुकल्यावर तिच्यावर पुन्हा रोलर फिरतो. आधी चारी बाजूंच्या कडा ब्रशने काढून मग आत रोलर, असं केलं की चौकट उमटते. एकाने तीन फुटांपुरती कड काढावी आणि दुसऱ्याने लगेच छतापासून जमिनीपर्यंत रोलर ओढावा. पंखा बंद ठेवा. दोन हातांत किमान सहा तास जाऊ द्या, हवा दमट असेल तर रात्रभर.

दमट हवेत रंग दिला तर आणखी एक प्रकार होतो. गडद छटेसाठी डब्यात बरंच टिंटर, म्हणजे छटा आणणारा दाट द्रवरंग पडतो, आणि त्यातले साबणासारखे घटक भिंत सावकाश सुकताना वर येतात. मग चकचकीत, चिकट ओघळ दिसतात. रंग नीट सुकल्यावर ते साध्या पाण्याने हलकेच पुसावेत. एरवी मात्र महिनाभर भिंतीला ओलं फडकं लावू नका, रंग फडक्यावर येतो.

मॅट फिनिशला हात लागला की तिथे चमक येते, आणि ग्लॉसवर लांबीचा प्रत्येक खड्डा दिसतो. या दोन्हींच्या मधली, सॅटिन फिनिशपेक्षा थोडी कमी अशी मंद चमक मला सर्वांत योग्य वाटते.

छटा ठरवताना जमीन बघा. लाल ऑक्साइडची जमीन असेल तर लालसर तपकिरी तिच्यात विरून जातो. तिथे काळसर किंवा पिवळसर झाक असलेला घ्यावा. शिसवी कपाटही या भिंतीपुढे हरवतं. त्याच्या जागी वेताच्या खुर्च्या किंवा पितळी समई ठेवा, उठून दिसतील. दिवे पिवळसर उजेडाचे, २७०० ते ३००० केल्व्हिनचे हवेत. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या उजेडात हाच रंग चिखलासारखा होतो. आणि माटोळीमागे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीमागे, ही भिंत आली तर सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं, नारळ यांचे रंग इतके उजळतात, की त्यासाठी सगळी खटपट करावीशी वाटते!

उरलेल्यातला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून ठेवा. ओरखडा आलाच तर तेवढाच ठिपका रंगवू नका, तो कायम दिसत राहतो. त्या भिंतीला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक हात द्यावा लागतो.