दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत

'शास्त्रीय परंपरा आणि आधुनिक संगीत यांचा मिलाफ घडवणारे आपले माजी विद्यार्थी' असं माझं वर्णन शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकाच्या संपादक मंडळाच्या पत्रात आहे. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! नाटकांना, मालिकांना, अधूनमधून एखाद्या सिनेमाला संगीत देतो; त्यात बंदिशी असतात आणि इलेक्ट्रिक गिटारही असते, एवढं खरं. पण हे शिक्षण मुंबईच्या स्टुडिओत झालं नाही. झालं ते इंदूरच्या आपल्या शाळेत, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून असलेल्या त्या अरुंद खोलीत. मध्ये फक्त लाकडी पार्टिशन होतं. पलीकडे अकरावीची मुलं हायड्रोजन सल्फाइड तयार करायची, त्यामुळे आमच्या बॅचने यमन राग शिकला तो सडक्या अंड्यांच्या वासात.

संगीताच्या बाई पेटी उत्तम वाजवत, आणि तरी पेटीवर त्यांचा भरवसा नव्हता. आम्ही सूर लावून गायला लागलो की त्या भाता मिटायच्या आणि फक्त तानपुरा चालू ठेवायच्या. पहिल्यांदा सगळा वर्ग गप्प झाला. "पेटी थांबली, तुम्हाला कोणी थांबायला सांगितलं?" पुन्हा गायला लावलं. गंधारावर, म्हणजे 'ग'वर, त्या हात वर करून आम्हाला तिथेच उभं करायच्या आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे कान द्यायला लावायच्या. त्या तारेतून आपोआप एक गंधार उमटतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. आकड्यांत सांगायचं तर सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा गंधार ४०० वर आणि तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर. हे आकडे मी फार पुढे वाचले. आठवीत एवढंच कळलं की पेटी बंद झाल्यावर आपला गंधार हळूच खाली जाऊन बसतो आणि तिथे त्याला बरं वाटतं.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली, हेही बाईंनीच सांगितलं. गंमत अशी की पेटीवर आक्षेप घेणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकार होता, आणि दिल्ली केंद्रावर देशी-विलायती वाद्यांचा एकत्र वृंद उभा करू पाहणाराही तोच.

माझ्या पिढीच्या लोकांना १९८७ चं गॅदरिंग आठवत असेल. वर्गातल्या एकाच्या मामांनी दुबईहून कॅसिओ आणला होता. बटण दाबलं की ताल आपोआप सुरू! आम्ही भूप रागातली, सोळा मात्रांच्या तीनतालातली बंदिश घेतली आणि खाली डिस्को लावला. तालमीला दारात गर्दी. "भिया, क्या बात है!" पार्टिशनपलीकडची मुलंसुद्धा परीक्षानळ्या सोडून आली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "यात खाली कुठे आहे?"

खाली म्हणजे तालाच्या आवर्तनातली टाळी न देता दाखवायची, रिकामी जागा. कोणालाच सांगता येईना. सांगणार कुठून? मशिनला सोळाच्या सोळा मात्रा सारख्या. तेव्हा बाईंनी तबला पुढे ओढला आणि नुसता ठेका धरला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मग डाव्या हाताकडे बघायला सांगितलं. खाली येते नवव्या मात्रेवर, पण तिथे 'धा' आहे, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा वाजतोच. तो गप्प होतो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, आणि चौदाव्या 'धिं'ला पुन्हा घुमतो. त्या चार मात्रांत ठेक्याच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखी होते, म्हणून तर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना पाय टेकल्याचं सुख मिळतं. मी तोवर हजारदा ऐकलेला ठेका, पण डावा हात असा कधी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते आजही मला विलक्षण वाटतं. त्यांनी कॅसिओ हद्दपार केला नाही. तो फक्त सुरांपुरता ठेवला, आणि पी. टी.च्या सरांकडे निरोप पाठवून बँडपथकातला मोठा ढोल आणि साइड ड्रम मागवले. ढोलवाल्या मुलाला संगीताचा गंध नव्हता. पंधरा ऑगस्टच्या संचलनापलीकडे त्याने काही वाजवलं नव्हतं. बाईंनी त्याला मात्रा मोजायला शिकवलं: नऊपर्यंत वाजव, दहा ते तेरा हात मागे बांधून उभा राहा, चौदाला ये. तो खरोखर हात मागे बांधून उभा राहायचा. साइड ड्रम चालू, गाणं चालू, आणि ढोल गप्प. गॅदरिंगला त्या चार मात्रांच्या पोकळीनंतर ढोल पडला की मागच्या रांगेतून शिट्ट्या येत होत्या. मुख्याध्यापकांच्या देखत.

आज स्टुडिओत ड्रमसेट असो की संगणकातले आवाज, तीनतालाच्या अंगाने काही बांधत असलो तर दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत मी किक ड्रम आणि बेस काढून टाकतो. तरुण वादक विचारतात, "सर, इथे रिकामं वाटतंय, काही भरू का?" नको म्हणतो. मिश्र संगीतात घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. दोन पद्धती एकत्र आणताना प्रत्येकीत काय वाजतं ते लोक बघतात. प्रत्येकीने काय मुद्दाम सोडलंय ते कोणी बघत नाही.

मारवा रागाचं उदाहरण देतो, जरा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. शाळेच्या वाचनालयात रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावर बाईंनी आपल्या गावच्या गायक अमीर खाँसाहेबांची तबकडी लावली होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही हे पाठ होतं. पण खाँसाहेब षड्जावरसुद्धा, म्हणजे 'सा'वरसुद्धा, येता येत नाहीत, कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतात, आणि ऐकणारा षड्जासाठी कासावीस होतो. आता एका दिग्दर्शकाने मला सांगितलं की मारव्याची सुरावट हवी, पण खाली गिटारचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, हवेत, 'भरलेलं' वाटलं पाहिजे. मारव्याच्या सुरांत सगळ्यात सहज बसणारा मेजर कॉर्ड कोणता? धैवत, कोमल रिषभ, गंधार (ध, कोमल रे, ग). तो वाजवला रे वाजवला की कान धैवतालाच षड्ज मानतो. आणि धैवताला षड्ज मानून मारव्याचे बाकीचे सूर मोजा: सा, रे, ग, प, ध. चक्क भूप! संध्याकाळची सगळी हुरहुर गेली, आणि मारव्याचा खरा षड्ज तिथे कोमल गंधार होऊन उपऱ्यासारखा उभा. दिग्दर्शकाला दोन्ही करून ऐकवलं. शेवटी कॉर्ड गेले. चेलोवर खालचा षड्ज, तोही अगदी विरळ, आणि गिटार एकाच तारेवर. त्याला 'भरलेलं' हवं होतं ते तसंच मिळालं, हे त्याचंच म्हणणं.

याउलट जाहिरातींचं काम येतं तेव्हा मागणी असते 'थोडा इंडियन टच द्या'. म्हणजे पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरावा तशी तबल्याची एक थाप आणि सतारीचा एक झणत्कार. करतो, घरभाडं द्यावं लागतं. पण त्याला मिलाफ म्हणू नये.

अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलच्या झाँक्यांपुढे, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांपुढे, चालणारे बँड ऐकत आपण सगळेच वाढलो. पितळी वाद्यांच्या त्या दणक्यात क्लॅरिनेटवाले म्हातारबा ठुमरीच्या अंगाने मींड घ्यायचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे, तेही न बिचकता. त्यांना कोणी मिलाफ शिकवला नव्हता. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे जागा नाही.

अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या प्रार्थनेला नवा साज करून द्या, असं समितीने सांगितलं, आणि मी तो पाठवला आहे. चाल जुनीच आहे. पहिली ओळ नुसत्या तानपुऱ्यावर, पेटी नाही, दुसऱ्या कडव्यापासून व्हायोलिन आणि गिटार, शेवटी बँडपथक. आठवीच्या मुली गाणार आहेत, त्यांना काळी चार ही पट्टी सोयीची पडेल. फक्त एक करा: ध्वनिक्षेपक लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की शेवटच्या कडव्यात ढोल मध्येच ऐकू येईनासा झाला तर माइक बिघडलेला नाही, आणि कृपा करून धावत स्टेजवर येऊ नये.