सव्वाशे रुपयांचे नाणे आणि आजीचा कलदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 125व्या जयंतीवर्षानिमित्त केंद्र सरकारने 6 डिसेंबर 2015 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी, 125 रुपयांचे एक स्मारक नाणे प्रकाशित केले. ते नाणे अनेक वर्षांनी का होईना, या वर्षी माझ्या घरी आले. टांकसाळीने नोंदणी सुरू केली तेव्हा घरात आईचे आजारपण होते आणि मुदत केव्हा संपली हे कळलेच नाही. त्यानंतर दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरू लागले की, ते राहून गेलेले नाणे मला आठवत असे.

अशी नाणी आपल्या हाती चिल्लर म्हणून कधी येत नाहीत. त्याच वेळी निघालेले 10 रुपयांचे, दोन धातूंचे आंबेडकर नाणे चलनात आले. 27 मिलिमीटर व्यासाचे ते नाणे मला एकदा नागपूरच्या बर्डी बाजारात भाजी घेताना सुट्ट्या पैशांत मिळाले होते आणि त्याच भाजीवाल्या काकूंनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे 10 रुपयांचे नाणे घ्यायला नकार दिला होता. 10 रुपयांची नाणी बंद झाल्याची अफवा इतकी खोल रुजली होती की, रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे जाहीर करावे लागले. 125 रुपयांचे नाणे मात्र बाजारात फिरण्यासाठी काढलेलेच नव्हते. अशी नाणी टांकसाळ थेट संग्राहकांना विकते, तेही नाण्यावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ अधिक किमतीला. 125 हा आकडा व्यवहाराच्या सोयीचा नाही. तो जयंतीच्या वर्षांचा आकडा आहे, आणि मला वाटते तसाच तो वाचला पाहिजे.

शोध सुरू केला तेव्हा पहिले नाणे जवळजवळ घेतलेच होते. शहरातल्या एका विक्रेत्याने मखमली डबीतून ते काढून दाखवले. ते आरशासारखे चमकत होते, परंतु ती चमक सगळीकडे सारखी होती आणि चेहऱ्याच्या उंचवट्यांवर बारीक समांतर ओरखडे दिसत होते. मी थबकले हे पाहून ते म्हणाले, "ताई, अजून चमकवून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." त्या वाक्यानेच माझा निर्णय झाला. नाणे घासले की त्याचा मूळ पृष्ठभाग, साच्याच्या दाबाखाली धातू वाहताना उमटलेले तेज, कायमचे जाते आणि ते कोणत्याही उपायाने परत येत नाही. प्रूफ प्रकारच्या नाण्याची गोष्ट निराळी असते. त्यासाठी साचा आणि नाण्याची चकती या दोन्हींना आधीच विशेष झळाळी दिलेली असते आणि ठसा एकाहून अधिक वेळा दाबला जातो, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधाळ, धुरकट असे उमटते. ही दोन पोतांमधली स्पष्ट सीमा पॉलिशने आणता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे यूएनसी, अर्थात साध्या पद्धतीने पाडलेले परंतु कधीही न वापरलेले नाणे. मला हवे होते ते हेच, कारण ते अधिक शांत दिसते.

शेवटी जे नाणे घेतले ते टांकसाळीच्या मूळ पाकिटासह होते. तरीही मी ते इतवारीतल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे घेऊन गेले, कारण चांदीचा मुलामा दिलेल्या प्रतिकृती हल्ली सहज मिळतात आणि छायाचित्रात त्या खऱ्यासारख्याच दिसतात. काट्यावर वजन 35 ग्रॅमच्या आसपास भरले, व्यास 44 मिलिमीटर आला. कडेवर 200 खाचा असतात. त्या मी घरी येऊन भिंगाखाली दोनदा मोजल्या. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असे नाणे घेणार असेल तर माझी एवढीच विनंती आहे की, पैसे देण्यापूर्वी वजन आणि व्यास स्वतःच्या डोळ्यांसमोर मोजून घ्यावा. तसेच जुन्या नाण्यांचे लाखो रुपये मिळवून देतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे प्रकार होऊ लागल्यामुळे 2021 मध्ये बँकेनेच लोकांना सावध केले होते.

सराफकाकांनी नाणे हातात तोलून विचारले, "यात चांदी किती?" निम्मी, असे मी सांगितले. या नाण्याच्या मिश्रधातूत 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबे आणि 5-5 टक्के निकेल व जस्त असते, म्हणजे 35 ग्रॅममध्ये चांदी साडेसतरा ग्रॅम. "मग त्या मानानं महाग पडलं," ते म्हणाले. हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर बोलले. परंतु हे नाणे चांदीच्या भावाने मोजण्याची वस्तू नाही, आणि नाणे कायदा 2011 नुसार नाणे वितळवण्यास मनाईही आहे.

धातूचे मोल आणि त्यावर उमटवलेल्या आकड्याचे मोल यांतले अंतर हाच तर बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय अभ्यासाचा गाभा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो 1923 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या काळचा रुपया 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात बाराव्या हिश्श्याची भेसळ वगळता सगळी चांदी असे. 1893 पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी ही मोकळीक बंद झाली आणि रुपयाचे मूल्य चांदीपासून सुटून सरकारच्या धोरणावर टांगले गेले. रुपये हवे तेवढे पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडला तर किमती वाढतात आणि त्याचा भार मजुरीवर जगणाऱ्या माणसावर पडतो, ही त्यांची चिंता होती, आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी आपले विचार मांडले. घटनाकार म्हणून त्यांचा पुतळा आपल्या संविधान चौकात उभा आहे आणि त्याच चौकात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे. मी तिथून जाते तेव्हा त्या पुतळ्याकडे अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही पाहते. रुपयाचा इतका कसोशीने विचार करणाऱ्या माणसाचा गौरव रुपयाच्याच रूपात व्हावा, यात मला मोठे औचित्य दिसते.

आता आजीच्या कलदाराविषयी, म्हणजे तिच्या जुन्या चांदीच्या रुपयाविषयी. आजी उमरेडकडच्या एका खेड्यातून 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षासमारंभाला भावासोबत नागपुरात आली होती. येताना पदराच्या गाठीत तिने एक राजाछाप रुपया बांधून घेतला होता, अडीअडचणीला असावा म्हणून, आणि तो खर्च न होता परत गेला. पुढे आयुष्यभर तिने तो मोडला नाही. 1944 सालचा तो रुपया आज माझ्याकडे आहे. राजाचा गाल झिजून सपाट झाला आहे, पण साल नीट वाचता येते. घरात सगळे त्याला शुद्ध चांदीचा रुपया म्हणत असत. नव्या नाण्याची माहिती वाचताना मला कळले की दुसऱ्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडल्यावर 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि जो मिश्रधातू तेव्हा ठरला तो हाच: 50 भाग चांदी, 40 भाग तांबे, 5 भाग निकेल, 5 भाग जस्त. आजीच्या पदरातला रुपया आणि बाबासाहेबांचे नाणे एकाच धातूचे आहेत.

हे वाचल्यावर मी बराच वेळ दोन्ही नाणी शेजारी ठेवून बसले होते. एक इतके झिजलेले की बोटाला गुळगुळीत लागते आणि दुसरे असे की त्याला बोट लावायचेच नाही.

दोन्ही आता एकाच डबीत आहेत. नव्या नाण्याला हवाबंद कॅप्सूल घेतली आहे, कारण यात तांबे भरपूर असल्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लवकर काळवंडते. साध्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणे ठेवू नये, त्या प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. आजीचा रुपया मात्र मी तिच्याच जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यात गाठ मारून ठेवला आहे. जाणकार संग्राहक कदाचित याला हरकत घेतील. आईने डबी उघडून पाहिली, सव्वाशेचे नाणे कडेला धरून उजेडात नेले, बाबासाहेबांचा चेहरा पाहिला आणि मग विचारले की आजीच्या रुपयाची गाठ सोडलीस का. मी नाही म्हटले.